पाठीवरचं आडनाव

कलकत्त्यात थंडी आधी कपाटातून येते. हवेत अजून काहीच नसतं, दुपारी पंखा लागतो, आणि तरी डिसेंबर उजाडला की गल्लीतल्या गॅलऱ्यांमधून रजया, शाली, स्वेटर, माकडटोप्या उन्हात येऊन बसतात. डांबरगोळ्यांचा वास रस्त्यावर उतरतो. मिठाईच्या दुकानांत नव्या गुळाचे संदेश येतात, आणि सकाळी घाटावर धुकं म्हणावं की धूर म्हणावं ते कळू नये असं काहीतरी पाण्यावर तरंगत राहतं. ज्या हवेला आमचे नाशिकचे आजोबा नुसतं ‘बरी हवा आहे’ म्हणाले असते, तिला इथली माणसं गळ्याभोवती मफलर गुंडाळून सामोरी जातात.

परवा बागबाजारच्या घाटावर हावड्याच्या लाँचची वाट बघत उभी होते. पुढे कुठल्याशा शाळेची मुलं होती. सहलीला निघाली असावीत. सगळ्यांच्या अंगात एकसारखी फुगीर जाकिटं आणि पाठीवर मशीनच्या भरतकामानं काढलेलं शाळेचं नाव. जाड दोऱ्याची ठसठशीत अक्षरं. मुलं हलली की नावंही हलत होती. मी त्या पाठी वाचत उभी राहिले, आणि इतकी वर्षं होऊनही माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

बाबा बँकेत होते. त्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी शिशुवर्गात होते. दोन-तीन वर्षांत परत जायचं या बोलीवर आलेलो आम्ही बागबाजारात रुजून गेलो. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे, खेळात, रिक्षात, भांडणात, बंगाली. आईला बंगाली कधीच नीट आलं नाही. डॉक्टर, गॅसवाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांशी बोलायला तिला मी लागायची. तिच्या वतीनं मी घासाघीस करायची, तक्रारी करायची, कधी कधी तिच्या वतीनं रागवायचीसुद्धा. घरात आले की मात्र माझीच जीभ तोकडी पडायची. ‘ळ’ मला यायचाच नाही. मी शाळेला ‘शाला’ म्हणायची आणि केळं खाल्लं की ‘केलं खाल्लं’. आई म्हणायची, “जीभ उलटी कर, टाळूला लाव, आणि सोड.” मी उलटी करायची, लावायची, सोडायची. बाहेर ‘ल’ पडायचा. आई हसायची, पण हसून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उरायचं ते हसू नसायचं. नाशिकला ती शाळेत मराठी शिकवत होती.

इतिहासाच्या तासाला बाईंनी एकदा सांगितलं, की मराठ्यांच्या भीतीनं या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता आणि त्याची सुरुवात आपल्या बागबाजारपासूनच झाली होती. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मराठे स्वारांना इथे बर्गी म्हणतात. त्यांचं नाव घेऊन लहान मुलांना झोपवतात. पुढे कितीतरी दिवस मी बर्गी होते. माझ्या बाकावर कुणी बसेना. मग एक मुलगी आपलं दप्तर उचलून माझ्या शेजारी येऊन बसली आणि डब्यातली वाटाण्याची घुगनी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “खा. लूट करायची गरज नाही, मी देतेय.” तिचं नाव शंपा मंडल.

कालव्याच्या बाजूला तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. ती माणसं मूळची बंगालच्याच दक्षिणेकडच्या खाड्यांमधल्या गावची. पौष लागला की तिची आई गुळाचं सारण भरून पाटीसापटा करायची आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गरम गरम खायची. शंपाचा जीव आईच्या साबुदाण्याच्या खिचडीवर. उपासाचे दिवस आमच्यापेक्षा तिच्याच जास्त लक्षात राहायचे.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची सहल दार्जिलिंगला निघाली. मंडळ म्हणजे काय, तर बदल्यांवर आलेली पंधरा-वीस मराठी घरं. बँकवाले, सरकारी कंपन्यांतले, फोर्ट विल्यममधलं एक फौजी कुटुंब, सॉल्ट लेकच्या संगणक कंपन्यांतली दोन-तीन नवी जोडपी. गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, आणि हिवाळ्यात एक सहल. साठेकाकू मंडळाच्या सर्वांत जुन्या. त्या वर्षी सहलीचं काम आईकडे होतं. सगळ्यांना एकसारखी गरम जाकिटं घ्यायची कल्पना तिची, आणि पाठीवर नाव हवं हा आग्रह साठेकाकूंचा. “तिथे गेल्यावर लोकांना कळलं पाहिजे,” त्या म्हणाल्या, “आपण कोण आहोत ते.”

जाकिटं गडद निळी मिळाली, चांगली जाड, आत भरपूर भरण असलेली. ती गाठोड्यात बांधून आई आणि मी लाँचनं हावड्याला गेलो. स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांमध्ये सुबीरबाबूंचा कारखाना होता. एका खोलीत लांबलचक मशीन, त्याला ओळीनं सुया, आणि त्या सगळ्या एकाच वेळी खाली-वर होत होत्या. आवाज असा, की बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे. नेहमीप्रमाणे आई मराठीत बोलली, मी बंगालीत ओरडले, सुबीरबाबूंनी बंगालीत ओरडून उत्तर दिलं आणि मी ते आईच्या कानात मराठीत घातलं.

सुबीरबाबूंनी जाकीट दोन्ही हातांनी दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“ही तर उशी आहे. उशीवर अक्षर काढायचं कसं? कापड रिंगेत ताणून बसलं तर टाका नीट पडतो. हे फुगणार, सटकणार. टाका आत बुडून जाईल. साध्या टी-शर्टाची ऑर्डर द्या की.”

“दार्जिलिंगला टी-शर्ट?” आई म्हणाली. ते मी भाषांतर न करताच त्यांना कळलं, आणि ते हसले.

शेवटी ठरलं ते असं. पाठीवर आडव्या शिवणी होत्या. वरचा पट्टा अरुंद, मधला रुंद. वर बारीक अक्षरात ‘मराठी मित्र’ आणि मध्ये मोठ्ठं ‘मंडळ’. दोरा केशरी. आईनं एका कागदावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात ते लिहून दिलं. सुबीरबाबूंनी ‘ळ’वर बोट ठेवून विचारलं, “हे दोन डोळ्यांचं काय?”

“ते आमचं अक्षर आहे,” आई म्हणाली. मी ते बंगालीत सांगितलं. तेव्हा त्यात मला कसलाच अभिमान वाटला नाही, आणि लाजही नाही. दुसऱ्याचा निरोप होता, मी पोचवला.

चार दिवसांनी दुपारी फोन आला. आई साठेकाकूंकडे गेली होती आणि मोबाइल घरीच विसरली होती. मागे मशीन घरघरत होतं, आणि इथे पोरींना लाडानं म्हणतात तसं सुबीरबाबू मला ‘मामणी’ म्हणाले.

“मामणी, तुमचं ते दोन डोळ्यांचं अक्षर जमत नाही. भरण जाड, डोळे बुजून जातात. दोरा साठतो आणि सुई मोडते. हिंदीत सगळे साधा ‘ल’च लिहितात. ‘ल’ टाकू का?”

“टाका,” मी म्हटलं.

आईला सांगायचं मी विसरले, असं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असंच मला वाटलं नाही. माझ्या तोंडात ती दोन अक्षरं एकच होती.

जाकिटं आली ती निघायच्या आदल्या दिवशी. सगळे आमच्याकडे जमले होते. साठेकाकूंनी पहिलं जाकीट उचलून पाठ उजेडाकडे केली. वरची बारीक अक्षरं भरणात अशी बुडाली होती, की केशरी सुरवंट चिकटल्यासारखे दिसत होते. ‘मराठी’ही वाचता येत नव्हतं आणि ‘मित्र’ही. मधला शब्द मात्र पुरीसारखा टम्म फुगून वर आला होता. ‘मंडल’. क्रिकेटपटूच्या पाठीवर आडनाव असतं, तसं.

मग फौजी काका मोठ्यानं हसले. “म्हणजे आपण आता सगळे बंगाली!”

“कुणी सांगितलं त्याला असं करायला?” साठेकाकूंनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं. “फोन आला होता. तो ळ...” आणि तिथेच मी ‘ल’ म्हणाले. त्या भरल्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला तो.

“अगं, मराठी घरातली ना तू? आई शिक्षिका आणि तुला एवढंही कळू नये?”

आईनं माझी बाजू घेतली नाही, आणि ती मला रागावलीही नाही. सगळे गेल्यावर तिनं स्वतःचं जाकीट मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं ‘ल’चे टाके उसवायला लागली. दोरा निघाला, पण खाली भोकांची जाळी उरली. मशीनच्या सुईनं तिथलं कापड चाळणीसारखं करून ठेवलं होतं. त्या भोकांतून पांढरं भरण डोकवायला लागलं. आईनं ते बोटानं आत ढकललं, ते परत बाहेर आलं. मग तिनं त्या जागेवर केशरी दोऱ्यानं हातानं पुन्हा ‘ल’च भरला. मी दारात उभी राहून ते बघत होते. माझ्या चुकीचा तिनं मला जाब विचारला असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं. ती नुसती टाका घालत होती.

दार्जिलिंगला खरीच थंडी होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जाकिटं घातली, कारण दुसरं काही पुरेसं गरम नव्हतंच. मी सगळ्यात मागून चालत होते. पुढे चढावर ओळीनं तीस-पस्तीस निळ्या पाठी, आणि प्रत्येक पाठीवर माझी चूक. डोळे मिटल्याशिवाय ती टाळता येत नव्हती, आणि रस्ता असा, की डोळे मिटून चालता येत नव्हतं. पुरुष मंडळी एकमेकांना ‘ओ मंडलबाबू’ म्हणून हाका मारत होती. प्रत्येक हाकेला मी थोडी लहान व्हायची. तरी त्या हसण्यात राग नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत मलाही जरा सुटल्यासारखं वाटायला लागलं होतं.

मग जेवणाच्या वेळी हॉटेलचे मॅनेजर आमच्या टेबलापाशी आले. कलकत्त्याचेच, नीटनेटके, सोनेरी काड्यांचा चष्मा. आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर ते मोकळे हसले आणि हिंदीत साठेकाकूंना म्हणाले, “असं होय! मला वाटलं, कुठल्या तरी गावाकडचं सगळं मंडल खानदान हॉटेलात उतरलंय. पण तुमच्याकडे बघून तसं वाटेना. मंडल म्हणजे हो...” पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. उजवा हात पालथा करून टेबलाच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरला. एवढे खालचे, असं. आणि परत हसले.

साठेकाकूही हसल्या. “छे छे, आमची ती स्पेलिंग मिस्टेक झालीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं. समोर सगळं हिमशिखर उघडं पडलेलं. आणि आमच्यातल्या प्रत्येक बाईनं जाकिटावरून शाल घेतलेली. पुरुषांनी जाकिटं उलटी करून घातली होती, अस्तर बाहेर काढून. आई आरशासमोर उभी होती. शाल पाठीवरून सरकू नये म्हणून तिनं खांद्यापाशी सेफ्टी पिन लावली. मला वाटलं, माझ्या ‘ल’मुळे.

“शाल घे तूही,” साठेकाकू मला म्हणाल्या.

“थंडी नाहीये, काकू.”

“थंडीचं नाही गं. तो माणूस काय समजून बसला होता आपल्याला! आता बाजारभर तेच सांगत फिरायचं का?”

मला कळायला थोडा वेळ लागला. आधी तो पालथा हात आठवला. मग शंपाचे वडील आठवले, ग्रीसनं काळे झालेले हात पँटला पुसून माझ्या सायकलची चेन बसवणारे. शंपाची आई आठवली, तव्यावरचा पहिला पाटीसापटा माझ्या ताटलीत टाकणारी. तोवर माझी लाज एका अक्षराएवढी होती. ती माझी होती, मला तिची सवय व्हायला लागली होती. आता तिच्या जागी दुसरंच काही आलं, आणि ते माझं एकटीचं नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शिखराकडे बघत होती आणि तिचा हात खांद्यावरच्या पिनेवर होता.

मी शाल घेतली नाही. यात धीर कसला? माझ्याकडे शाल नव्हती एवढंच. साठेकाकूंनी त्यांची जादाची शाल देऊ केली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

परत आल्यावर आईनं जाकिटं धुऊन गॅलरीत वाळत घातली. सकाळी शंपा आली, थेट गॅलरीत गेली आणि तिथून ओरडली, “एई, ए तो आमार नाम!” हिंदीच्या वहीवर ती स्वतःचं नाव असंच लिहायची. मी तिला अक्षराची गोष्ट सांगितली. दोन डोळे, मोडलेली सुई, सुरवंट, सगळं. ती कठड्याला धरून हसली. हसता हसता माझं जाकीट अंगात चढवून, मान वळवून पाठ बघायला लागली.

“मग तिथे लोक काय म्हणाले? इतके मंडल एकदम बघून?”

मी वाळत घातलेलं बाबांचं जाकीट सरळ करायला लागले. बंगालीत मला कधी शब्द कमी पडला नव्हता. आई पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच घेऊन गॅलरीच्या दारात आली होती. तिला बंगाली बोलता येत नसलं तरी प्रश्न समजला असावा. ती शंपाकडे बघत राहिली.

“घे तुला,” आई मराठीत म्हणाली. “तुझंच आहे ते. आणि संक्रांतीला हळदीकुंकवाला ये.”

शंपानं माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. तिनं वाकून आईच्या पायाला हात लावला आणि जाकीट घालूनच घरी गेली.

शंपा आता बंगलोरला असते. ते जाकीट तिनं कोपरं फाटेपर्यंत वापरलं. आम्ही आठवड्यातून एकदा तरी बोलतो, सगळ्या जगावर बोलतो, पण हॉटेलातल्या त्या हाताबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. तिनंही परत विचारलं नाही. तिला ठाऊक नाही असं मी धरून चालते. खात्री मात्र मला नाही. आडनाव तिचं आहे, ते घेऊन ती जन्मभर हिंडली आहे. तसे हात तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितले असणार. आई-बाबा नाशिकला परतले. मी पुण्यात शिकले, तिथे माझी जीभ एकदाची उलटायला शिकली, आणि मग नोकरीच्या निमित्तानं मी इथेच परत आले. साठेकाकू अजून दक्षिण कलकत्त्यात आहेत. भेटल्या की माझ्या मराठीचं कौतुक करतात, आणि मी चपला घालायची घाई करते.

त्या संक्रांतीला आई काळी चंद्रकळा नेसली होती. हॉल बायकांनी भरलेला. तिळगूळ, हलवा, अत्तरदाणी, दाराशी चपलांची रास. शंपा आली ती सलवार-कमीझवर जाकीट घालून. सगळ्यांना दिसावं म्हणून दारातच तिनं गिरकी घेतली.

“काकीमा, देखून! आपण सगळ्या मंडल!”

साठेकाकूंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. आईनं शंपाला हळदीकुंकू लावलं, ओटीत बोरं घातली. शंपा खुशीत होती. तिला वाटत होतं, इतक्या बायकांनी तिचं नाव पाठीवर मिरवलं. ती मला म्हणाली, “सगळ्यांना जाकिटं आणायला सांग ना. पाठीमागून फोटो काढू. माँला दाखवीन.”

मी सांगितलं. साठेकाकूंचं ड्रायक्लीनला दिलेलं निघालं. दुसऱ्या एकींच्या मुलाला ते लहान झालं होतं, तीन आठवड्यांत. कुणाचं माळ्यावर गेलं होतं, कुणाचं गाडीत राहिलं होतं. मी एकेक कारण बंगालीत सांगत होते आणि शंपा प्रत्येकाला मान डोलवत होती. शेवटच्या दोन-तीन कारणांना तिची मान डोलायची थांबली.

आई उठून आत गेली. बाहेर आली ती चंद्रकळेवर निळं जाकीट चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून. त्या उकडत्या खोलीत ती शंपाच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या पाठीवरचं शेवटचं अक्षर हातानं भरलेलं होतं, जरा वाकडं.

“काढ,” आई म्हणाली.

मी आईच्या मोबाइलनं फोटो काढला. शंपानं माझ्या हातून फोन घेतला. फोटोत दोन पाठी होत्या, आणि त्यांच्यापलीकडे सोफ्यावर, खुर्च्यांवर, सतरंजीवर बसलेल्या आमच्या सगळ्या बायका. प्रत्येकीची मान खाली.

“ए माँ,” शंपा नवलानं म्हणाली, “ह्या सगळ्या खाली काय बघतायत? आणखी एक काढ. त्यांना तुमच्या भाषेत सांग ना, वर बघायला.”

एवढं बंगाली त्यांच्यातल्या बहुतेकींना कळत होतं. कळल्याचं कुणीच दाखवलं नाही. सगळ्या मी काय सांगते त्याची वाट बघत राहिल्या. आईच्या मानेवरून घामाचा ओघळ जाकिटाच्या आत उतरला, पण ती वळली नाही.

मी फोन परत घेऊन डोळ्यांसमोर धरला.

“काकू,” मी म्हटलं, “ती म्हणतेय, वर बघा.”